सरगूरमार्गे अंदमान

म्हैसूरला मला राहायला खोली मिळाली ती तीन सामुद्रधुनींच्या जोरावर. नोकरी नवीन, गावात ओळखदेख नाही, आणि अग्रहार या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांमधून दोन रविवार पायपीट करून झालेली. तिसऱ्या रविवारी एका फाटकावर कन्नड पाटी दिसली. 'वरची खोली रिकामी आहे' असं त्यावर लिहिलंय, हे समोरच्या फुलवालीनं सांगितलं. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, ताठ कण्याच्या एका बाईंनी. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैलावला; त्यांच्या घरातही मराठीच चालायची. पण घरमालक जे विचारतात त्यातलं एकही त्यांनी विचारलं नाही.

"तीन सामुद्रधुनी सांग," त्या म्हणाल्या.

पाल्क आठवली, जिब्राल्टर आठवली. तिसरी काही येईना. मी परत फिरायच्या बेतात होतो, तेवढ्यात बातम्यांत सारखी येणारी होर्मुझ सुचली.

"कुठला रे तू?"

"नाशिकचा."

"गोदावरीचा काय! ये, चप्पल तिकडं सोड."

त्यानंतर चार वर्षं त्या घरात मला कुणी नावानं हाक मारली नाही. मी 'नाशिक' होतो. माझ्याआधी त्या खोलीत रायचूर राहत होता, त्याच्याआधी हुबळी. हुबळीचं लग्न झालं तेव्हा मिसनी आहेराच्या पाकिटावरही 'चि. हुबळी' असंच लिहिलं होतं म्हणे.

सगळं अग्रहार त्यांना 'मिस' म्हणायचं. सरकारी शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्या होत्या त्या फक्त शाळेतून. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्याला त्या मोसमी वारे समजावून सांगत. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर तसाच धरून ऐकून घेई, कारण सातवीत तो त्यांच्याच वर्गात होता.

एवढं करून मिसनी समुद्र बघितलेला नव्हता. म्हैसूरहून मंगळूर ते किती लांब! पण कधी परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी निवडणुकीची ड्युटी, असं करत जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बघायला कशाला पाहिजे? मी शिकवलाय की!"

आणि समुद्र न बघितलेल्या या बाई एका जहाजाच्या इतिहासकार होत्या.

जहाज नौदलाचं. जुनं, लहानखुरं, दोन डिझेल इंजिनांचं. अकरा वर्षं ते नौदलात राखाडी रंगात फिरलं. मग किनाऱ्यावर गस्त घालायला नवं तटरक्षक दल उभं राहिलं, तेव्हा त्यांच्याकडं जहाजं नव्हती. नौदलानं आपली काही जुनी जहाजं देऊन टाकली, त्यात हे गेलं. पांढरा रंग चढला, बाजूवरचा नंबर बदलला, आणि पुढची नऊ वर्षं ते चोरटा माल पकडत आणि भरकटलेल्या कोळ्यांना ओढून आणत फिरलं. शेवटी भंगारात गेलं. मिसचे यजमान या जहाजावर पहिल्यापासून शेवटपर्यंत होते, इंजिनखात्यात. जहाज तिकडं गेलं तसे तेही त्याच्याबरोबर तिकडं गेले.

मिसच्या मते ही घराण्याला न शोभणारी गोष्ट होती. "आमचे दोन्हीकडचे लोक जुन्या म्हैसूर राज्याच्या घोडदळातले. घोड्यावर बसायचं सोडून हे बोटीच्या पोटात जाऊन बसले," असं त्या म्हणत, पण म्हणताना खूश दिसत. यजमान काहीच म्हणत नसत. मी त्यांना काका म्हणायचो. इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, आणि उरलेल्या अर्ध्याचा उपयोग ते मोटारींचे आवाज ऐकायला करत. गल्लीतले मिक्सर, पंप, पंखे दुरुस्तीला त्यांच्याकडं येत. शेजारच्या घरात चटणी वाटायला लागले की काका मान न वळवता म्हणत, "बेअरिंग गेलं." जहाजाबद्दल मात्र त्यांच्याकडून मी चार वर्षांत चार वाक्यं ऐकली नव्हती. विचारलं की "गोत्तिल्ल" म्हणत, म्हणजे ठाऊक नाही, आणि स्क्रू ड्रायव्हर उचलत.

बोलायचं काम मिसचं. दिवाणखान्याच्या भिंतीवर हिंदी महासागराचा शाळेतला नकाशा होता, टाचण्या आणि लोकर लावलेला. नौदलातल्या सफरी तांबड्या लोकरीच्या, तटरक्षक दलातल्या पांढऱ्या. पांढरी लोकर कच्छपासून कन्याकुमारीपर्यंत नीट पसरलेली होती. तांबडीचं मात्र नवल होतं. ती कोचीपासून अंदमानपर्यंत आणि अंदमानपासून कोचीपर्यंत इतक्या वेळा गेली होती की मध्ये दोरखंड तयार झाला होता.

"एवढ्या वेळा अंदमानला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"गुप्त कामगिरी," मिस आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्या वेळचं राजकारण बघ की जरा. सुम्ने जाईल काय बोट, उगाच?"

आता ही लोकर कुठून आली ते सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा काका नौदलात नवे होते. जहाज कुठं आहे हे पत्रात लिहायला बंदी होती, आणि पाकिटावर शिक्का यायचा तो एकाच लष्करी टपाल कार्यालयाचा. भूगोल घेऊन पदवीला बसलेल्या नवरीला हे सहन होईना. तिनं एक यादी केली. प्रत्येक बंदराला म्हैसूरच्या आसपासचं एक गाव. कोचीला सरगूर, कारण सरगूरच्या पुढं गेलं की केरळ येतं. अंदमानला बेट्टदपुर, कारण सपाटीतून एकदम वर आलेला तो देवळाचा डोंगर म्हणजे बेटच. कच्छला तलकाड, दोन्हीकडं वाळू. अशी बारा बंदरं आणि बारा गावं. काकांनी पत्रात लिहायचं, 'सरगूरच्या मावशीकडं जाऊन आलो', आणि मिसनी इकडं कोचीला टाचणी मारायची. अकरा वर्षांची अशी पत्रं त्यांनी तारखेवार लावून ठेवली होती. तटरक्षक दलात गेल्यावर एवढी बंदी राहिली नाही. बंदरातून ट्रंक कॉल येई, पेपरात बातमी येई, म्हणून पांढऱ्या लोकरीला यादी लागली नाही.

जहाजाचे जुने लोक कधीमधी घरी येत. त्यांच्याशी मिसचं ठरलेलं भांडण होतं. नौदलवाले म्हणत, झेंडा उतरला त्या दिवशी आमचं जहाज संपलं. तटरक्षकवाले म्हणत, झेंडा चढला त्या दिवशी आमचं सुरू झालं. मिस दोघांवरही उखडत.

"रंग बदलला म्हणून बोट बदलती काय हो? माझं बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात ह्यांनी दुसरंच नाव लिहिलं, ते नोकरीच्या कागदावर. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात म्हणतात, या दोन बायका वेगळ्या आहेत! शेवटी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला लागलं, की मी एकच आहे म्हणून. बोटीनं कुठं जाऊन लिहून द्यायचं?"

एकदा याच भांडणात त्यांनी एका निवृत्त कमांडरला उपमा अर्धा खाऊन उठायला लावलं होतं. कमांडर फाटकापाशी मला म्हणाला, "बाई कुठल्या जहाजावर होत्या?"

मी त्या घरात असल्याच्या चौथ्या वर्षी जहाजाच्या जुन्या मंडळींनी स्मरणिका काढायचं ठरवलं. संपादक कोचीला राहणारे एक निवृत्त अधिकारी. त्यांनी मिसना पत्र पाठवून इतिहास मागितला. मिसनी ते पत्र दुपारपर्यंत तीनदा वाचलं, संध्याकाळी फुलवालीला वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं. इतिहास तयारच होता, शाळेच्या सात वह्यांमध्ये, ठसठशीत इंग्रजीत. भाग पहिला नौदल, भाग दुसरा तटरक्षक दल. मी तो टाइप करायचा होता.

महिनाभर ऑफिसातून आलो की मी टाइप करत बसे आणि मिस मागं उभ्या राहून माझं स्पेलिंग तपासत. भाग पहिला भलताच थरारक होता. गुप्त फेऱ्या, अचानक माघार, आणि एका ठिकाणी तर कोचीजवळ जहाजावर शत्रूचा गोळीबार. काका दारातून ऐकत. गोळीबारापाशी आम्ही पोचलो तेव्हा ते खोकले, काहीतरी बोलायला आले आणि पाणी पिऊन परत गेले.

पाठवल्यावर बारा दिवसांनी माझ्या मेलवर उत्तर आलं. फार सभ्य भाषेत होतं. भाग दुसरा उत्कृष्ट आहे, एक अक्षर न बदलता छापू. भाग पहिला मात्र जहाजाच्या नोंदींशी जुळत नाही. बाईंच्या इतिहासात जहाज अंदमानला एकोणिसाव्यांदा पोचतं त्या महिन्यात ते मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होतं. कोचीजवळ गोळीबार झाल्याचं कुणाच्याही स्मरणात नाही. तरी भाग पहिला गाळून छापायला परवानगी द्यावी अशी विनंती. काही दुरुस्ती असल्यास महिनाभर थांबू.

मी तो मेल मिसना दाखवायच्या आधी मागच्या अंगणात काकांकडं नेला. ते एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं, आणि मिक्सरचं झाकण परत बसवलं.

"येणार होतंच हे," ते म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलत होते. "ती यादी रे, तम्मा. पहिल्याच महिन्यात शर्टाच्या खिशातनं खाली तेलात पडली. मला दोनच आठवत होती. सरगूरला आमची चिक्कम्मा राहायची, सख्खी मावशी. आणि बेट्टदपुरचा डोंगर मी लहानपणी चढलेला."

"मग दुसरी यादी मागवायची!"

"पत्रातनं मागवायची? मग गुपित काय राहिलं?"

"सुट्टीत आल्यावर सांगायचं."

"आलो की सुट्टीत. तर भिंतीवर नकाशा! लोकर लावलेली! सगळ्या गल्लीला बोलावून दाखवत होती. नवं लग्न. कसं सांगू, तूच बोल." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मग मी माझं ठरवलं. खाली इंजिनात फार घाम आला की सरगूर. वर येऊन बरा वारा लागला की बेट्टदपुर."

मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडं बघून हसताही येईना. "आणि तो गोळीबार?"

काकांनी उजवा तळहात पुढं केला. तळव्यावर मनगटापर्यंत जुना, चकचकीत भाजल्याचा डाग होता. "मी लिहिलं होतं, सरगूरला हात भाजला. सरगूर खोटं, हात खरा. तिनं सरगूर कोची केलं, आणि हातही खुणेचाच समजून त्याचा गोळीबार केला. अकरा वर्षांत ते एकच खरं लिहिलं होतं मी."

त्यांनी त्याच संध्याकाळी कॉफीच्या वेळी मिसना मेलचं आणि यादीचं सांगितलं. मी जिन्यात उभा होतो, पळून जायच्या तयारीत. आरडाओरडा झालाच नाही. मिस उठल्या, खुर्ची नकाशाकडं ओढली, तिच्यावर चढल्या आणि एकेक टाचणी काढायला लागल्या.

तांबडी लोकर उतरवायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत त्या काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. सगळा व्यवहार माझ्यामार्फत, तोही कन्नडमधून. नवऱ्याशी मराठीतून बोलायचं त्यांनी बंद केलं होतं आणि माझं कन्नड बेताचं होतं.

"नाशिक, कॉफी बेका म्हणून विचार त्यांना."

मी दोन पावलं चालून विचारायचो, "काका, कॉफी पाहिजे का?"

"बेकु म्हणून सांग."

"पाहिजे म्हणतात."

"हात मोडलेत काय म्हणून विचार."

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर मिस ओट्यावर तांबड्या लोकरीचा नारळाएवढा गुंडा घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "छापत नाहीत त्याचं नाही रे मला. शाळेतनं आले की मी नकाशापुढं उभी राहायची. वादळ बंगालच्या उपसागरात आहे म्हणून रेडिओवर सांगितलं, आणि ह्यांचं पत्र बेट्टदपुरचं. तीन दिवस अन्न गेलं नाही मला. आणि हे कुठं होते? मुंबईत! गोदीत बोट लावून पिक्चर बघत होते!" त्यांनी लोकर मांडीवर आपटली. "अकरा वर्षं मी काळजी केली ती चुकीच्या समुद्राची केली."

मी आपलं म्हटलं, "मिस, पण हात खरा होता."

"कसला हात?"

काकांनी ते सांगितलंच नव्हतं. यादीपर्यंतच धीर टिकला होता त्यांचा. मी सांगितलं. मिस तशाच आत गेल्या. काका पंख्याची तार जोडत होते. त्यांच्या हातातली तार काढून घेऊन मिसनी तो तळहात खिडकीशी उजेडात नेला, आणि एखादा नकाशा वाचावा तसा खूप वेळ बघितला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी! "हे कुठं झालं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"गोत्तिल्ल."

"परत गोत्तिल्ल म्हटलं तर बघा!"

"खरंच ठाऊक नाही ग. मी खाली होतो. वर समुद्र कुठला होता ते मला कोण सांगणार? एक कोळ्यांची बोट वादळात सापडली होती, तिला बांधून ओढत होतो एवढं कळलं. डावं इंजिन बंद. उजव्याच्या तापलेल्या बेअरिंगला पाणी मिळेना, पंप गेलेला. मी हातानं पाणी घालत होतो. सगळी रात्र. ते थांबलं असतं तर दोन्ही बोटी गेल्या असत्या."

मिसनी नाक ओढलं, पदर खोचला आणि नवी वही आणली. "बसा," म्हणाल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरणार नाही. भूगोलाच्या बाईंना अक्षांश हवे असत आणि काकांकडं फक्त आवाज होते. मिस विचारत, "दिशा कुठली?" काका म्हणत, "डावं इंजिन खोकत होतं." मिस विचारत, "किनारा दिसत होता काय?" काका म्हणत, "तेल घट्ट झालेलं, म्हणजे थंडी असणार." दोनतीनदा वही भिरकावली गेली. पण काकांना एकेक बिघाड आठवत होता. कुठला बोल्ट कधी तुटला, कुठल्या सणाला तुटला, त्या वेळी खाली कोण होतं आणि कोण रडलं. जहाजावर माणसं रडतात हे मिसना ठाऊकच नव्हतं. एकदा बोलताबोलता काका स्वतःच थांबले आणि पंच्यानं तोंड पुसून अंगणात जाऊन आले.

रोजचं लिहून झालं की मी कोचीला फोन लावी. संपादकांकडं जहाजाच्या नोंदींचे उतारे होते. दिवाळीच्या तोंडावर डावं इंजिन बंद पडलं, दोन दिवस चाललं नाही, असं मी म्हटलं की ते पानं चाळत आणि म्हणत, "थांबा... आहे! आहे! डावं इंजिन, दोन दिवस. मंगळूरच्या समोर." मग मी ते मंगळूर मोठ्यानं म्हणे, आणि मिस ते वहीत लिहून काकांना सांगत, "मंगळूरला होता तुम्ही." काका म्हणत, "हो काय?" असे ते अकरा वर्षं कुठंकुठं होते हे दोघांनाही एकदमच कळत गेलं. कोळ्यांची बोटही सापडली. त्या नोंदीत जहाजाचं नाव होतं, वेळ होती, वाऱ्याचा वेग होता. हाताचं काही नव्हतं. संपादक फोनवर म्हणाले, "हे आम्हाला माहीत नव्हतं. हे छापायचं."

शेवटच्या दिवशी भाग पहिला टाइप करून झाला. भाग दुसरा आधीचाच तयार होता. दोन्ही जोडून मी पाठवणार, तेवढ्यात मिस म्हणाल्या, "थांब रे नाशिक. दुसरा पाठवू नको."

"अय्यो!" काका खुर्चीतून निम्मे उठले. "ते तर बरोबर आहे की! त्यांनीच म्हटलंय, अक्षर बदलायचं नाही म्हणून."

"बरोबर आहे. पण मी ते पेपरातनं लिहिलंय. त्यात तुम्ही कुठं आहात?" मिसनी वहीचं पान उलटलं आणि पेन उघडलं. "सांगा. पांढरा रंग लागला, झेंडा बदलला. त्या दिवशी तुम्ही काय बघितलं?"

काका परत बसले. कधी नव्हे तो त्यांनी बराच विचार केला.

"काहीच नाही," ते म्हणाले. "खाली होतो. वर बँड वाजत होता म्हणे, मला ऐकू आला नाही. खाली तेच इंजिन, तोच आवाज, तीच गळती. चार दिवसांनी वर आलो, तेव्हा बघतो तर बोट पांढरी. मला कुणी बोललंच नव्हतं."

मिस लिहायच्या थांबल्या. त्यांनी काकांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नाशिक," त्या म्हणाल्या, "ते भाग पहिला, भाग दुसरा लिहिलंयस ते काढून टाक."